महापालिका आणि सामाजिक संस्था यांच्या मधलं काम नक्की कोण करतं? नाशिकच्या उदाहरणांवरून सोप्या भाषेत

अनंत चतुर्दशीला गोदाकाठी गेलात तर दिसतं की कॉलेजची पोरं मूर्ती गोळा करतायत, एनएसएसवाले निर्माल्य वेगळं काढतायत, बाजूला महापालिकेची गाडी उभी आहे, आरोग्य विभागाचे कर्मचारी आहेत, पोलीस आहेत. 'देव द्या, देवपण घ्या' हा आपल्याकडे विद्यार्थ्यांनी सुरू केलेला उपक्रम, तो आता नाशिककरांच्या इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या एका दिवसाच्या आधी बरंच काही झालेलं असतं, म्हणजे कुठल्या घाटावर कोण उभं राहणार, हातमोजे कोण आणणार, जमा झालेल्या मूर्ती पुढं कुठं जाणार, निर्माल्याचं खत करायचं तर ते खतप्रकल्पावर कोणाच्या गाडीने जाणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या अधिकाऱ्याशी हे सगळं ठरलं त्याची पुढच्या वर्षी बदली झाली तर हे कोणाला आठवणार. हा लेख त्याबद्दल आहे. सरकार आणि संस्था एकत्र काम करतात हे आपण पेपरात वाचतो, फोटो बघतो, पण त्या दोघांच्या मधे जे काम असतं ते कोण करतं, त्यासाठी वेगळ्या संस्था असतात का, आणि त्यांना पैसे कोण देतं यावर फार कोणी लिहीत नाही. माझ्या मते हे सगळं टिकतं ते याच मधल्या कामावर.

आधी दोन्ही बाजू कोण ते थोडक्यात. एका बाजूला स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे शहरात महापालिका किंवा नगरपालिका आणि गावाकडं जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. नाशिक महापालिका १९८२ ची, तिचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर, आणि जिल्ह्यात पंधरा तालुके. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून या संस्थांना घटनेतच जागा आहे, पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आणि शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिलेत, पाणी, कचरा, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांचं हित वगैरे. दुसऱ्या बाजूला संस्था, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेले ट्रस्ट, १८६० च्या सोसायटी कायद्याखालच्या संस्था, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्या, आणि यात न बसणारे कितीतरी गट, महिला बचत गट, मित्रमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलनीतली चार माणसं. ही शेवटची चार माणसंच बऱ्याचदा सगळ्यात जास्त काम करतात पण कागदावर ती कुठंच नसतात, हे लक्षात ठेवा, पुढं ते येणार आहे.

आता हे दोघं एकमेकांकडं का जातात? महापालिकेकडं अधिकार आहे, जागा आहे, गाड्या आहेत, बजेट आहे. पण वस्तीतल्या कोणत्या घरात टीबीचं औषध मधेच सोडलेला माणूस आहे हे तिला कळत नाही, फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाला रात्र निवारा केंद्रात यायला तयार करणं हे परिपत्रकाने होत नाही, त्यासाठी रोज जाऊन त्याच्याशी बोलणारं कोणीतरी लागतं. संस्थेकडं ती माणसं असतात, ओळख असते, विश्वास असतो, पण जागा नसते, परवानगी नसते आणि काम शंभर घरांवरून दहा हजार घरांवर न्यायची ताकद नसते. काही ठिकाणी तर कायद्यानेच या दोघांना एकत्र यायला लावलंय. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं बघा, २०२३ च्या नियमांप्रमाणं जबाबदारी महापालिकेची, पण ते काम ज्या संस्थेला द्यायचं तिला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत घ्या असं स्थानिक संस्थांना सांगितलं होतं. म्हणजे एकत्र यावं का हा प्रश्नच उरलेला नाही. एकत्र येऊन नीट चालतं का, हा खरा प्रश्न आहे.

आणि बऱ्याचदा नीट चालत नाही. त्यात कोणी वाईट असतं असं नाही, दोघांचं घड्याळच वेगळं असतं. महापालिकेचं वर्ष मार्चला संपतं, फेब्रुवारीत सगळी बिलं निघायची घाई, एप्रिल मे मध्ये नवीन बजेटला मंजुरी आली की नाही हे बघायचं, जूनमध्ये बदल्या, मग पावसाळा. संस्थेचं काम मात्र रोजचं असतं, मुलं शाळेत रोज येतात, निवारा केंद्रात माणसं रोज रात्री येतात. प्रस्ताव दिला की तो विभागाकडून लेखा विभागाकडं जातो, तिथून त्रुटी निघून परत येतो, मग स्थायी समिती, कधी महासभा, मग ठराव, मग कार्यादेश, मग काम, मग बिल, मग पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, आणि पहिला हप्ता हातात येईपर्यंत संस्थेने चार सहा महिने पगार स्वतःच्या खिशातून दिलेले असतात. मोठ्या संस्थेला हे झेपतं. छोटीला नाही. त्यात टेंडर असेल तर मागच्या तीन वर्षांची उलाढाल अमुक लाख, बयाणा रक्कम तमुक, अशा अटी असतात, त्या अटी ठेकेदारांसाठी लिहिलेल्या असतात आणि वस्तीत वीस वर्षं काम केलेली बाई त्यात बसत नाही, एखादी बाहेरगावची एजन्सी बसते. काम तिला मिळतं, आणि मग ती एजन्सी त्याच बाईला महिन्याला थोडे पैसे देऊन तिच्याकडूनच काम करून घेते. अधिकाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही, उद्या ऑडिटला उत्तर मला द्यायचंय, आणि तेही खरंच असतं.

इथं मधल्या संस्थेचं काम सुरू होतं. मधली संस्था म्हणजे स्वतः शाळा चालवणारी किंवा कचरा उचलणारी नव्हे, तर जे हे करतात त्यांना आणि प्रशासनाला एका टेबलवर आणणारी आणि आणल्यानंतर तिथं टिकवून ठेवणारी. ती शहरात कोण कुठं काय करतं याची यादी ठेवते, करार दोन्ही बाजूंना समजेल असा लिहून घेते, छोट्या संस्थेचे हिशोब, ऑडिट, नोंदणी सरळ करून देते, अधिकारी बदलला की नव्या माणसाला मागच्या पाच वर्षांत काय ठरलं होतं ते कागदासकट सांगते, आणि एखाद्या संस्थेला प्रशासनाबद्दल काही बोलायचं असेल तर ते सगळ्यांच्या वतीने बोलते म्हणजे त्या एकट्या संस्थेचं बिल अडकत नाही. शेवटचे दोन मुद्दे मला सगळ्यात मोठे वाटतात. आयुक्त दोन अडीच वर्षांत जातात, कधी त्याही आधी, उपायुक्त बदलतात, विभागीय अधिकारी बदलतात, संस्थांमध्येसुद्धा तरुण कार्यकर्ते दोन तीन वर्षांत दुसरीकडं जातात, मग ठरलेली गोष्ट लक्षात ठेवणार कोण?

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगतो, ते थोडं सविस्तर सांगतो कारण ते खरोखर शिकण्यासारखं आहे. ओझर. बहुतेकांना ओझर म्हटलं की एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ आठवतं. पण पाण्यावर काम करणाऱ्या माणसाला ओझर म्हटलं की वाघाड आठवतं. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर त्या कालव्याच्या शेपटाला, म्हणजे कागदावर लाभक्षेत्र, धरणाचं पाणी मिळायला हवं अशी जमीन, पण प्रत्यक्षात पाणी पोचायचंच नाही, वरचे शेतकरी घेऊन टाकायचे, मधे गळती, कालव्याची देखभाल नाही. तिथं समाज परिवर्तन केंद्र नावाच्या संस्थेने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या करायला घेतल्या, सुरुवातीला तीन, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. या तीन संस्थांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. पाणी एकरावर नाही तर मोजून घ्यायचं, म्हणजे घनमापन पद्धतीने, संस्थेच्या तोंडाशी मोजून जितकं पाणी आलं तितक्याचे पैसे संस्थेने खात्याला भरायचे, आणि आत कोणाला किती द्यायचं, कोणाकडून किती पाणीपट्टी घ्यायची हे शेतकऱ्यांनी आपसात ठरवायचं.

ऐकायला सोपं आहे. पण विचार करा, पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरला पहिल्यांदा कोणीतरी सांगतंय की तुम्ही पाणी सोडून मोकळे होऊ नका, मोजून द्या आणि कमी पडलं तर उत्तर द्या. आणि शेतकऱ्याला सांगतंय की पाणीपट्टी थकवायची नाही, पहिल्यांदा पैसे भर. दोन्ही बाजूंना हे अवघड होतं. ते जमलं कारण मधे माणसं होती. समाज परिवर्तन केंद्राची माणसं गावातली, त्यांच्यावर शेतकऱ्यांचा विश्वास. पण तांत्रिक बाजू, मोजणी कशी करायची, करारात काय लिहायचं, खात्याचे कोणते नियम आड येतात, यासाठी पुण्याची सोपेकॉम ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि औरंगाबादची वाल्मी, म्हणजे सरकारचीच जल व भूमी व्यवस्थापन संस्था, यांची मदत झाली. एक संस्था शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारी, एक तांत्रिक सांगणारी आणि एक खात्याच्या आतली पण शिकवणारी, असे तीन दुवे एकत्र होते. पुढं हे काम शेपटाकडून वरच्या दिशेने पसरत गेलं, वाघाडवर चोवीस संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्यांचा प्रकल्प पातळीवरचा संघ झाला, म्हणजे अख्ख्या प्रकल्पाच्या पाण्याचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातात आलं. २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन असा कायदाच केला, आणि त्या कायद्याबद्दल बोलताना ओझरचं नाव आजही निघतं. खातं राज्य सरकारचं होतं, महापालिका नव्हती, हे मान्य आहे. पण धडा तोच, शेतकऱ्यांच्या तीन संस्थांनी खात्याशी लेखी करार केला, आणि त्यांच्यामागं करार समजणारी माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली.

शहरातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याकडं बघावं लागतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, तिच्यातून स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. दारोदार कचरा गोळा करायचा, त्याचे पैसे घरटी थेट कचरावेचकाला, आणि भंगार विकून येतील ते पैसेही तिचेच. महापालिकेने काय द्यायचं तर हातमोजे, ढकलगाड्या, वर्गीकरणाला जागा, आणि संस्था चालवायचा खर्च. हा शेवटचा मुद्दा नीट बघा. कोऑर्डिनेटर, हिशोब, तक्रार आली तर बघणारा माणूस, प्रशिक्षण, याचा खर्च करारातच धरला होता, म्हणून हजारो बायका त्यात टिकल्या. तरीसुद्धा करार संपला की नवा होईपर्यंत लटकून राहायची वेळ त्यांच्यावर एकापेक्षा जास्त वेळा आली, खासगी ठेकेदाराला द्यायची चर्चा व्हायची, मोर्चे काढावे लागले. आपल्याकडं नव्वदच्या दशकात घंटागाडी आली तेव्हा नाशिकचं नाव झालं होतं, आणि ती व्यवस्था ठेक्यावर चालत आली. ठेका आणि भागीदारी यात मला मुख्य फरक दिसतो तो हाच, ठेक्यात काम करणाऱ्या माणसाला टेबलवर खुर्ची नसते.

नाशिकमध्ये मधल्या कामाचा प्रयत्न झालाच नाही असं मात्र नाही, उलट चांगले प्रयत्न झालेत. अभिव्यक्ती ही १९८७ पासूनची नाशिकची संस्था, तिचं काम दुसऱ्या सामाजिक संस्थांना आणि लोकांना माध्यमं वापरायला शिकवायचं, म्हणजे संस्थांना बळ देणारी संस्था. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ चं सरकारी महामंडळ आहे, पण त्याची लोकसंचालित साधन केंद्रं बचत गटातल्या बायकाच चालवतात आणि बँक, पंचायत, सरकारी योजना यांच्याशी गटांचा संबंध तिथून जोडला जातो. सोशल नेटवर्किंग फोरमने आदिवासी पाड्यांवर पाण्याचं काम केलं, शहरातल्या लोकांचे पैसे आणि इंजिनिअर, गावाचं श्रमदान, असं जुळवून. एमआयडीसीतल्या कंपन्यांना कामं सुचवण्यात उद्योजकांच्या संघटनांचा, निमा आणि आयमा, हातभार असतो.

आणि कुंभथॉन. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी, २०१४ पासून, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने इथं शिबिरं भरायला लागली, त्यात विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक, बाहेरचे संशोधक आणि महापालिका, पोलीस, जिल्हा प्रशासन हे सगळे एकत्र बसायचे. प्रशासनाने अडचण सांगायची, गर्दी किती आहे कळत नाही, साथ पसरली तर लवकर कळत नाही, आणि पोरांनी त्यावर काहीतरी बनवायचं. गर्दी मोजायला पायाखाली टाकायची चटई, अशिओटो, ही नाशिकच्याच शाळकरी मुलाने पुढाकार घेऊन केलेली आणि ती मेळ्यात वापरून बघितली गेली. नंतर यातूनच टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे सामाजिक प्रश्नांवर नव्या कल्पना घडवणारं केंद्र नाशिकमध्ये उभं राहिलं. मला यातलं सगळ्यात भावतं ते हे की अधिकाऱ्याने येऊन 'आम्हाला हे जमत नाहीये' असं तरुणांसमोर बोलावं अशी जागा तयार झाली होती. ऑफिसात तो हे बोलू शकत नाही, पत्रकार परिषदेत तर नाहीच.

परदेशात याला काही ठिकाणी पक्की रचना आहे. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक भागात काउन्सिल फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस असते, सीव्हीएस म्हणतात तिला, म्हणजे त्या गावातल्या सगळ्या छोट्या मोठ्या संस्थांची एक संस्था. देशपातळीवर एनसीव्हीओ आहे, १९१९ मधली, आणि स्थानिक सीव्हीएसना जोडणारी नॅव्हका. १९९८ मध्ये तिथल्या सरकारने आणि संस्थांनी मिळून एक लेखी समजुतीचा करार केला, त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, आणि मग एकेका शहराने आपापला स्थानिक कॉम्पॅक्ट केला. त्यातल्या गोष्टी आपल्याला ऐकून हेवा वाटेल अशा होत्या. धोरण बदलायचं असेल तर शक्य तिथं बारा आठवडे लोकांचं ऐका. निधी बंद करायचा किंवा बदलायचा असेल तर किमान तीन महिने आधी लेखी कळवा. आणि संस्था सरकारचे पैसे घेत असली तरी सरकारवर टीका करायचा तिचा हक्क अबाधित. कायदा नव्हता तो, मोडला म्हणून कोणी जेलमध्ये जात नव्हतं, पण हातात दाखवायला कागद होता. अर्थात तिथंही सगळं गोड नाही. कॉम्पॅक्टवर लक्ष ठेवायला २००७ मध्ये एक आयोग नेमला होता तो २०११ मध्ये बंद केला, आणि त्याच काळात काटकसरीच्या नावाखाली महापालिकांचं बजेट कापलं गेलं तेव्हा बऱ्याच सीव्हीएसना झळ बसली, कारण त्यांचा बराच पैसा त्याच महापालिकांकडून यायचा. मधल्या संस्थेचा सगळा पैसा एकाच बाजूकडून येत असेल तर ती मधली राहत नाही, हे तिथून घेण्यासारखं.

आपल्याकडं काहीच नाही का? आहे. २००७ मध्ये केंद्र सरकारने स्वयंसेवी क्षेत्राबद्दल राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. त्यात भागीदारीचे तीन मार्ग सांगितलेत, पहिला सल्लामसलत, दुसरा अवघड प्रश्नांवर दीर्घकाळचं सहकार्य, आणि तिसरा प्रकल्पासाठी निधी. सल्लामसलत केंद्र, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर व्हावी असंही म्हटलंय. वाणी नावाचं संस्थांचं देशपातळीवरचं जाळं १९८८ पासून आहे, ते या गोष्टींचा पाठपुरावा करतं. पण धोरण जिल्ह्यात उतरलं का? माझं स्पष्ट मत, नाही उतरलं. तीनपैकी तिसरा मार्गच रुळला, प्रकल्प घ्या, पैसे घ्या, बिल द्या. पहिले दोन कागदावर राहिले. त्यामुळं संस्था म्हणजे स्वस्तात काम करून देणारा ठेकेदार अशी समजूत झाली आणि काही संस्थांनी स्वतःहूनही ती करून घेतली.

आणि प्रकल्प संपला की काय होतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे चाइल्डलाइन. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला, मग देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक संस्था तो चालवायला लागल्या, आणि २०२३ मध्ये ही सेवा संस्थांकडून काढून सरकारी यंत्रणेकडं गेली, ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घेणं चुकीचं नाही, उलट घ्यायलाच हवी. पण इतक्या वर्षांत त्या कार्यकर्त्यांनी कमावलेली समज, कोणत्या स्टेशनवर कोणत्या गाडीने पळून आलेली मुलं उतरतात, कोणत्या पोलीस ठाण्यात कसं बोलायचं, ही कुठल्या फाइलमध्ये हस्तांतरित होते? असा बदल होताना दोन्हीकडची माणसं काही महिने शेजारी बसतील हे करारातच लिहिलेलं हवं.

आता एक नाजूक मुद्दा, पैसे घेतले की आवाज जातो का. गोदावरीचं उदाहरण घ्या. नदीत सांडपाणी जातंय यावर गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या लोकांनी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला उपाय सुचवायला सांगितलं, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, आणि मग महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस आणि याचिकाकर्ते एकाच बैठकीत बसायला लागले. म्हणजे इथं मधल्या दुव्याचं काम शेवटी कोर्टाला करावं लागलं. २०२५ च्या शेवटी तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, झाडं तोडायच्या प्रस्तावावरून पुन्हा तेच, लोक आधी रस्त्यावर आले आणि चर्चा नंतर झाली. मी आंदोलनाच्या विरोधात अजिबात नाही, ते झालं नसतं तर चर्चाही झाली नसती. माझं म्हणणं एवढंच की शहरात दोन्ही प्रकारच्या संस्था लागतात, महापालिकेबरोबर काम करणाऱ्या आणि महापालिकेला जाब विचारणाऱ्या, आणि या दोघींनी एकमेकींना दलाल किंवा आंदोलनजीवी म्हणणं बंद करायला हवं. मधली संस्था असेल तर ती या दोघींनाही एका छताखाली ठेवू शकते.

पैशाचं बोलू. सध्या सगळे सीएसआरकडं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाकडं, बघतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं की ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यापैकी काहीही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचा. सातपूर अंबडमध्ये अशा कंपन्या आहेत. पण कंपनीला शाळेची खोली बांधायला आवडतं, त्यावर पाटी लावता येते. समन्वय करणाऱ्या माणसाच्या पगारावर पाटी लावता येत नाही. त्यात नियमात एक पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासकीय खर्चावर आहे, पण बरेच लोक ती संस्थेवर लावतात आणि म्हणतात तुमचा पगार ऑफिस सगळं पाच टक्क्यांत बसवा. असं सांगणारं कोणी भेटलं तर नियम नीट वाचून दाखवा, ही मर्यादा संस्थेच्या खर्चावर नाही.

छोट्या संस्थांसाठी अजून एक, कंटाळवाणं पण फार महत्त्वाचं. भागीदारीच्या दारात अडकतात त्या बहुतेक संस्था कामामुळं नाही, कागदामुळं अडकतात. विश्वस्त वारले, नवे नेमले, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दिलाच नाही किंवा दिला तो प्रलंबित, मग कागदोपत्री अध्यक्ष दहा वर्षांपूर्वीचेच. ऑडिट वेळेवर नाही. आयकर सवलतीच्या, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, सरकारच्या दर्पण पोर्टलची नोंद, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-१ अर्ज, यातलं काहीतरी राहिलेलं. वर आता सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्या संस्था माहिती अधिकारात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, म्हणजे हिशोब लोकांना दाखवता आला पाहिजे. दहा छोट्या संस्थांनी मिळून एक चांगला अकाउंटंट ठेवला तरी निम्मं काम होईल, आणि तोच तुमच्या शहरातला मधल्या संस्थेचा पहिला पगारी माणूस असेल.

शेवटी हक्काच्या खुर्च्यांबद्दल, कारण त्या आहेत आणि बहुतेकांना माहीत नाहीत. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणं प्रत्येक प्रभाग समितीत त्या भागात समाजकल्याणाचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधले तीनपर्यंत सदस्य नेमता येतात, अट इतकीच की ते तिथले मतदार असावेत आणि नेमणूक तिथले नगरसेवक करतात. नाशिकला सहा विभाग, प्रत्येकाची एक प्रभाग समिती, म्हणजे अठरापर्यंत जागा. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणं नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के फेरीवाले आणि किमान दहा टक्के संस्थांचे प्रतिनिधी हवेत. वृक्ष प्राधिकरणावर झाडांचा अनुभव असलेल्या संस्थांच्या लोकांना घेता येतं. दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी, महिला बालकल्याणाचा निधी, हा कशावर खर्च होतो हे विचारायला तर खुर्चीही लागत नाही, एक अर्ज पुरतो.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते, त्या काळात प्रभाग समित्या नव्हत्या आणि या जागांचा विषयच नव्हता. आणि जिथं जिथं या जागा भरल्या जातात तिथं संस्थेच्या नावाखाली पक्षाचेच कार्यकर्ते बसवल्याच्या तक्रारी अनेक शहरांत झाल्यात. ते टाळायचं असेल तर जागा भरायच्या आधी हलावं लागतं. तुमच्या विभागातल्या चार पाच संस्थांनी एकत्र बसून एक नाव ठरवा, त्या व्यक्तीचं मतदार यादीतलं नाव, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या तीन वर्षांचं ऑडिट आणि एका पानात केलेलं काम, असा अर्ज विभागीय कार्यालयात द्या, त्याची प्रत नगरसचिवांना आणि तुमच्या प्रभागातल्या सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.